चव तीच राहिली पाहिजे

आमच्या साडूंनी आयुष्यात जितकी दारू तोंडात घेतली तितकी उभ्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणी घेतली नसेल, आणि तिच्यातला एक थेंबही त्यांच्या पोटात गेला नाही. अकोल्याबाहेर विलायती दारूचा एक कारखाना होता, तिथे ते ब्लेंडर होते. म्हणजे सकाळी पांढरा डगला चढवून खिडकीशी बसायचं, समोर मांडलेले पेले एकेक करून हुंगायचे, घोट गालात घोळवायचा, छताकडे बघत विचार करायचा आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकायचं. तारुण्यापासून त्यांनी हेच केलं. संध्याकाळी सायकलवरून परत येताना त्यांच्या कपड्यांना, मिशीलासुद्धा जो वास यायचा, त्यावरून त्यांच्या कॉलनीनं जे ठरवायचं ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. शेजारणी माझ्या मेहुणीला संक्रांतीचं वाण देताना जरा जास्तच दयेनं तिचा हात दाबायच्या. नशाबंदीची प्रभातफेरी त्यांच्या फाटकासमोर आली की हमखास रेंगाळायची आणि दोन घोषणा जास्त द्यायची. आमचे साडू दात घासता घासता फाटकाशी येऊन त्या घोषणांत आवाज मिळवायचे. "आपुन तं घेतच नाई, मंग म्हनाले काय जाते?" असं वर मलाच विचारायचे. मोझरीच्या आश्रमात जाऊन त्यांनी व्यसन न करण्याची शपथ घेतली होती, तीही अगदी मनापासून, आणि दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला कामावर हजर होते.

त्यांचं लग्न जमलं तेही या नाकामुळेच. आमचे सासरे वरूडचे, संत्र्याच्या बागेचे मालक, स्वभावानं कडक. मुलगा काय करतो या प्रश्नाला मुलाच्या मामानं "केमिकल लाइनमध्ये आहे" असं गुळमुळीत उत्तर दिलं होतं. पण नवरदेवालाच ते सहन झालं नाही. "दारूच्या कारखान्यात हाय. वास घ्याचं काम हाय," त्यांनी सांगून टाकलं. सासरे पाहुण्यांना चहा न देताच उठवायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. त्यांच्या हातातल्या वाटीत घरचा काळा मसाला होता. "मंग सांगा बरं, ह्याच्यात काय काय हाय?" त्या म्हणाल्या. साडूंनी चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, चोळला, डोळे मिटून हुंगला आणि धने, दगडफूल, नाकेशर, शहाजिरे असं करत करत वाळवलेल्या संत्र्याच्या सालीपर्यंत सगळं सांगितलं. एवढ्यावर थांबावं की नाही! पण वर म्हणाले, "लवंगा मागच्या सालच्या हायेत." सासूबाई वाटी घेऊन आत वळल्या आणि जाता जाता नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी ह्याले द्या." हा प्रसंग मला सासूबाईंनीच सांगितला, आणि सांगताना लवंगा जुन्या होत्या हेही कबूल केलं. त्या दिवसापासून साडू जगात एकट्या सासूबाईंना वचकून असायचे. "आपल्या खानदानात नाकं दोनच. एक सासूबाईचं अन एक माह्यं. बाकी तुमाले सगळ्यायले चष्मा टांगाची खुंटी हाय," असं ते आम्हाला ऐकवायचे.

हे नाक जपण्यासाठी त्या घरात जे सोवळं पाळलं जायचं ते एखाद्या कर्मठाच्या घरातही पाळलं गेलं नसतं. देवापुढे दिवा असायचा, उदबत्ती नसायची. पावडर नाही, वासाचं तेल नाही. लसूण फक्त शनिवारी रात्री, म्हणजे सोमवारपर्यंत त्याचा मागमूस राहू नये. आमची ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, माहेरी असताना मोगऱ्याशिवाय घराबाहेर पडायची नाही म्हणतात. लग्नानंतर तिनं गजरा माळला नाही. कोणी विचारलं तर हसून म्हणायची, "ह्यायचं नाक बिघडते." नाक थकलं की ब्लेंडर लोक आपल्याच बाहीचा, कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतात. आपला स्वतःचा वास नाकाला परत कोरं करतो म्हणे. कारखान्यात हे ठीक होतं, पण साडू हा उद्योग एसटीत, बँकेच्या रांगेत, कुठेही करायचे. एकदा एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. त्या घरातले वडील गेले होते. सगळे गंभीर बसलेले, आणि आमचे साडू कोपरात नाक खुपसून. घरच्यांना वाटलं, पाहुण्यांना हुंदका आवरत नाही. गेलेल्याच्या थोरल्या मुलानं उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःच रडू लागला. बाहेर पडल्यावर साडू हळूच मला म्हणाले, "ह्यायच्या निरांजनात तूप नाई भाऊ, डालडा हाय."

पण या नाकाचा सगळ्यात मोठा शत्रू घरातच होता, तो म्हणजे ताईचा काळा मसाला. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, अखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी ती मसाला भाजायला बसायची. स्वतःच्या घरापुरता थोडा आणि आईसाठी मोठी बरणी भरून. सासूबाईंचे डोळे जाऊन चूल सुनेच्या हाती गेली होती, पण मसाला त्यांना थोरल्या लेकीच्याच हातचा लागायचा. माझ्या बायकोनं एकदा हौसेनं पाठवला, तर त्यांनी हुंगून "दवाखान्यातला दिसते" असं म्हणून बाजूला ठेवला. ताईनं कढई चढवली की पुढे तीन दिवस साडूंचं नाक निकामी. म्हणून त्या दिवशी ते सकाळच्या गाडीनं आमच्याकडे अमरावतीला पळून यायचे. दारात पिशवी ठेवून म्हणायचे, "घरी मसाला भाजून राह्यली ते. मी निर्वासित झालो." मग दोन दिवस आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूचा वास घेऊन माझ्या बायकोला जेरीस आणायचे. घर धुऊन, खिडक्या उघड्या टाकून झाल्याचा ताईचा निरोप आला की परत जायचे. त्यामुळे इतक्या वर्षांच्या संसारात बायको मसाला कसा करते हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

साडू रागवायचे ते एकाच गोष्टीवर. ब्लेंडेड म्हणजे मिलावटीची, असं कोणी म्हटलं की संपलं. मोर्शीला एका लग्नात जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी बागेतल्या शेडमध्ये जमली होती. नवरीचे एक काका दुबईला ठेकेदारी करून आलेले. त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणलेली बाटली मोठ्या इतमामानं बाहेर काढली आणि साडूंकडे बघून म्हणाले, "हे सिंगल माल्ट हाय. तुमच्या कारखान्यासारखी मिसळामिसळ नाई." मी साडूंचा हात धरायच्या आत ते उभे राहिले होते.

"काहून बावा, सिंगल म्हंजे एकाच पिंपातली वाटली काय तुमाले?" त्यांनी सुरुवात केली. "सिंगल म्हंजे एका भट्टीतली. त्या भट्टीतली कितीक पिंपं तिच्यातबी एकमेकात वतलेलीच असतात. आता ब्लेंडेड काय असते ते आयका." आणि त्या रणरणत्या दुपारी, चिवड्याच्या ताटाभोवती बसलेल्या वऱ्हाडी मंडळींना त्यांनी पाठच दिला. जवाला मोड आणून, वाळवून, तांब्याच्या भांड्यात गाळून काढतात ती माल्ट. तिला अंग असतं, चव असते, कधी धुराचा वासही असतो. मक्याची, गव्हाची, उंच खांबासारख्या यंत्रातून गाळतात ती ग्रेन. ती हलकी, मऊ, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. वेगवेगळ्या भट्ट्यांतल्या माल्ट आणि ही ग्रेन एकत्र आणून जमवतात ती ब्लेंडेड. बाटलीवर बारा वर्षं लिहिलेलं असेल तर तिच्यातली सगळ्यात धाकटी बारा वर्षांची, बाकीच्या तिच्याहून मोठ्या. "मिलावटवाला नफ्यासाठी मिसळवते. ब्लेंडर कायच्यासाठी मिसळवते? एखादी भट्टी बंद पडते, पिंप सरते, एखाद्या साली जवच खराब येते. पन पिनाऱ्याले ते कळलं नाई पायजे. बापानं पेली तेच पोराले भेटली पायजे. माल बदलला तरी चव तीच राह्यली पायजे, राजेहो! ह्याले अक्कल लागते."

काकांनी वरमून त्यांच्यापुढे पेला केला. साडूंनी तो फिरवला, हुंगला, घोट घेऊन डोळे मिटले आणि "चांगली हाय" असं म्हणून ती सातासमुद्रापलीकडची व्हिस्की संत्र्याच्या आळ्यात थुंकली. काकांचा चेहरा पाहवेना. "अहो, गिळा ना!" ते कळवळून म्हणाले. साडूंनी मोझरीच्या शपथेचं सांगितलं, तेव्हा तर त्यांनी बाटली परत टॉवेलात गुंडाळली. मग मंडळींनी गावातून नेहमीची ब्लेंडेड मागवली आणि दुपार कशीबशी पार पडली.

त्या बागेतली झाडं पुढे वाळली. दिवसच तसे आले होते. विहिरी तळाला गेल्या, कापसाला भाव राहिला नाही, सकाळी पेपर उघडायची धास्ती वाटायची; आतल्या पानावर कुठल्या तरी गावाचं नाव आणि त्याखाली दोन ओळी असायच्याच. वरूडला माझ्या मेहुण्यानं सासऱ्यांनी लावलेली बाग डोळ्यांदेखत वाळताना पाहिली आणि शेवटी तोडायला लावली. संत्र्याचं लाकूड ट्रॅक्टरमधून जळणाला जाताना तो घरात बसून राहिला होता, सडकेवर आला नाही. साडूंच्या कारखान्यालाही ते दिवस लागले. इंग्लिश पिणारे देशीवर उतरले. आमच्याकडे देशीला संत्राच म्हणतात. त्या वर्षांत तेवढं एकच संत्रं जोरात पिकलं. मग मालकांनी साडूंना बोलावून सांगितलं, माल्ट कमी करा, चव तीच ठेवा.

त्या सुमारास एकदा त्यांनी मला त्यांच्या कारखान्याची रिकामी बाटली दाखवली. वर सोनेरी मुकुट, दोन्ही बाजूंना घोडे, आणि खाली ऐटीत 'ब्लेंडेड व्हिस्की'. "हा शब्द पाहा भाऊ," ते म्हणाले. "स्कॉटलंडात ह्याचा अर्थ माल्ट अन ग्रेन, दोनी पिंपात मुरलेल्या. अमेरिकेत थोडी खरी व्हिस्की अन बाकी धान्याचं कोरं स्पिरिट, तरी चालते. अन आपल्या इथं? उसाच्या मळीचं स्पिरिट, त्याच्यात जराशी माल्ट, वरून जाळल्या साखरेचा रंग. बाहेरच्या देशात नेलं तं हिले व्हिस्कीबी म्हनू देनार नाईत. पन नाव पाहा, तेच हाय." माल्ट दर हंगामाला कमी होत गेली आणि साडू आपली सगळी अक्कल खर्चून ते झाकत गेले. इकडे थोडा रंग, तिकडे थोडा लाकडाचा अर्क. शेवटी माल्ट फायाला लावायच्या अत्तराइतकी उरली. ते तक्रारीची वाट बघत बसले. वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, कुठूनही एकही तक्रार आली नाही. उलट मालकांनी शाल आणि नारळ देऊन त्यांचा सत्कार केला, आणि भाषणात म्हणाले की आमच्या मालाची चव इतक्या वर्षांत तसूभर बदलली नाही. साडूंनी शाल घेतली आणि तिथेच नोकरी सोडली. मला म्हणाले, "एका तरी मानसानं गिलास आपटाले पायजे होता."

नोकरी सुटल्यावर ते पहिल्यांदा बाजारात गेले आणि गजरा घेऊन आले. ताई हसत सुटली. "आता माळाले केस कुठं राह्यले?" म्हणाली, पण माळला. घरात उदबत्ती लागायला लागली, रोज लसूण पडायला लागला. आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा दोघं ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि साडू तिला प्रत्येक शेंगेचा वास सांगत होते. मला वाटलं, चला, या दोघांचे आता बरे दिवस आले. त्याच पावसाळ्यात ताईला कावीळ झाली. दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही.

सासूबाईंना हे सांगायचं कसं? डोळे गेलेले, कान निम्मे गेलेले, आणि हृदयाचा नुकताच एक झटका येऊन गेलेला. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मेहुण्यानं ठरवलं, सांगायचं नाही. ताईचे गुडघे गेले आहेत, प्रवास बंद आहे, असं सांगितलं. त्या घरात म्हातारीला न सांगायच्या गोष्टी तशाही साचल्याच होत्या. बाग तोडली हेही तिला ठाऊक नव्हतं. "औंदा आंबिया बहार कसा हाय?" असं ती विचारायची आणि मेहुणा मोकळ्या रानाकडे बघत "बरा हाय, माय" म्हणायचा. माझी बायको आईच्या खाटेशी बसून तिचे पाय दाबायची आणि आवाज न करता रडायची. आईला दिसत नव्हतं, तेवढी एक सोय होती.

उन्हाळा आला आणि सासूबाईंनी विचारलं, "अखाजी तोंडावर आली. पोरीचा मसाला नाई आला?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गुडघे दुखणारी बाई मसाला करते, बसून करते. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली असतानाही तिनं तो चुकवला नव्हता, आणि ते मूल गेलं त्या वर्षीही चुकवला नव्हता. बरणी आली नाही तर म्हातारी काय समजायचं ते समजेल, यात कोणाला शंका नव्हती. दुसऱ्या कोणाच्या हातचा पाठवला तर चिमटीतच ओळखेल. मेहुण्यानं साडूंना फोन केला. साडू म्हणाले, "मी करतो."

ते आमच्याकडे आले. अकोल्याच्या घरात त्यांना कढई चढवता येईना, एवढंच म्हणाले. पिशवीत किलोवारी जिन्नस होते आणि कपड्यात गुंडाळलेली ताईची बरणी होती. शेवटच्या उन्हाळ्यातला तिच्या हातचा मसाला, निम्मा उरलेला. त्यांनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरातून हुसकलं आणि आयुष्यभर ज्याच्यापासून पळाले त्या ठसक्यात दोन दिवस बसले. खोकून खोकून डोळे लाल झाले होते. आमच्या घरातल्या झाडून साऱ्या वाट्या ओट्यावर मांडलेल्या, प्रत्येकीत वेगळा मसाला, आणि साडू एकदा वाटी हुंगत, एकदा बरणी, एकदा बाही. "सगळं आलं, पन तिचं येत नाई," ते म्हणाले. "मी दरसाली पयालो, भाऊ. एक साल थांबलो असतो तं दिसलं असतं, आधी काय टाकते, कवा उतरवते. आता कोनाले विचारू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ताईच्या बरणीतला अर्धा मसाला नव्यात घालायला घेतला. माझी बायको धावली. "भाऊजी, काय करता? ताईच्या हातचं तेवढंच राह्यलं हाय." साडूंनी हात थांबवला नाही. "कारखान्यात टाकी कधी पुरी रिकामी करत नाई," ते म्हणाले. "तळाले जुनं ठेवा लागते, त्याच्यावर नवं वता लागते. जुनं नव्याले वळन लावते. नाई तं मायले कळन." मग जरा वेळानं, तिच्याकडे न बघता, "मी एकटा ठेवून तरी काय करू? झाकन उघडून हुंगत बसू?" असं म्हणाले. अकोल्याच्या घरी ते तेच करत होते हे आम्हाला माहीत होतं.

वरूडला सासूबाईंनी मसाला तळहातावर घेतला, चोळला, हुंगला, जिभेच्या टोकाला लावला. "पोरीचं ध्यान नव्हतं," त्या म्हणाल्या. "जिरं करपोलं. गुडघे लयच दुखतात वाटते तिचे." एवढं म्हणून त्यांनी बरणी सुनेकडे दिली. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्या वेळी साडूंनी बरणी खरवडून, शेवटी ओलं बोट फिरवून जे निघालं ते सगळं नव्यात घातलं. सासूबाई हुंगून म्हणाल्या, "बरा हाय. पन मनातून नाई केला तिनं." स्वतः साडू तोवर वरण-भातावर आले होते. मसाल्याची भाजी नको म्हणायचे, पोटाचं कारण सांगायचे.

तिसऱ्या वर्षी ते आले तेव्हा पिशवीत ताईची बरणी नव्हती. पडताळायला नमुना नाही, मिसळायला जुनं नाही. "आता डोस्क्यात जो वास हाय त्याच्यावर," ते म्हणाले. मी विचारलं, सासूबाईंनी ओळखलं तर? "तं सांगून टाकू," साडू म्हणाले. "तिची माय हाय ते. तिले हक्क हाय." मला त्यांच्या आवाजात भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर, म्हातारीनं ओळखावं असंच त्यांना वाटत होतं की काय कोण जाणे. या खेपेला त्यांना ठसका लागला नाही. एका सकाळीत मसाला झाला. वाट्या मांडल्या नाहीत, बाही हुंगली नाही. कढई उतरवली आणि बरणी भरून टाकली.

आम्ही तिघं वरूडला गेलो. सासूबाई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी चिमूट घेतली, चोळली, नाकाशी नेली. मेहुणा उभाच होता. सासूबाईंनी दुसऱ्यांदा हुंगलं, जिभेला लावलं, आणि त्यांचा सगळा चेहरा हलका झाला. "आता बरोबर," त्या म्हणाल्या. "दोन साल पोरगी कुठं होती कोन जाने. आता आली. हाच तिचा हात." मग साडूंच्या दिशेनं अंदाजानं मान वळवून, "जवाईबापू, सांगा तिले. म्हना, माय लय खुश झाली."

"सांगतो," साडू मोठ्यानं म्हणाले.

मेहुण्यानं खांबाला टेकून सुस्कारा सोडला. वहिनी बरणी घेऊन पाटोडीचा रस्सा करायला आत गेली. माझी बायको आईच्या पायाशी बसून रडू लागली, पण या वेळी हसतसुद्धा होती. साडू मात्र उठले आणि बाग बघून येतो म्हणून मागच्या दारानं बाहेर पडले. बाग कुठे होती? मी त्यांच्या मागे गेलो. तुटलेल्या बुंध्यांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यामध्ये ते उन्हात उभे होते. "जिंकलात भाऊ," मी म्हणालो. "म्हातारीचा जीव वाचवला तुम्ही."

"मागच्या दोन साली तिच्या हातचा होता त्याच्यात," साडू म्हणाले. "तं माय म्हने पोरीचं ध्यान नाई. औंदा तिची एक चिमूट नाई, तं म्हने पोरगी आली." मग म्हणाले, "तिच्याबिगर जमलं, भाऊ. जमाले नोतं पायजे."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या माणसाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मलाही रडू आवरलं नाही. घरातून रश्श्याचा वास यायला लागला होता. साडू तोंड उघडं ठेवून, तोंडानं श्वास घेत उभे होते. आतून सासूबाईंची हाक आली, "जवाईबापू, या ना लवकर. पोरीच्या हातचं हाय, थंड होऊन राह्यलं."

"आलो, माय," साडू म्हणाले, आणि डोळे पुसून जेवायला आत गेले.